गोडोच्या ऑटोमेशन टूलचं डॉक्युमेंटेशन एआय एजंटसाठी कसं लिहावं?

धुऱ्यावरचा कोडर (हिंगणघाट तालुका)

नमस्कार मंडळी. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर शाळकरी पोरांसाठी २डी गेम बनवतोय. इंजिन गोडो ४.३. शेत, तास (पिकाच्या ओळी), बोंडं, पतंग, कामगंध सापळे (वासानं पतंग ओढून पकडणारे) असे शेकडो नोड, म्हणजे सीनमधले घटक, हातानं मांडत बसण्याऐवजी एआय एजंटकडून मांडून घ्यायचे म्हणून एक टूल तयार केलं. वर पायथनचा पातळ थर आहे, आत गोडो हेडलेस (खिडकी न उघडता) चालतं आणि प्रत्यक्ष काम जीडीस्क्रिप्ट करते. एकूण १४ कमांड: सीन बनवणं, नोड जोडणं, नोड हलवणं, प्रॉपर्टी बदलणं, सिग्नल जोडणं, एक्सपोर्ट वगैरे.

माणसानं चालवलं की टूल नीट चालतं. एजंटला ४० पानी रीडमी वाचायला दिलं की मात्र पुढच्या चुका वारंवार होतात:

१. नोड जोडल्याचं कळवतो, पण सीन उघडून पाहिला तर नोड नसतो.
२. "एका एकरात नियमाप्रमाणे सापळे लाव" म्हटलं तर कधी २ लावतो, कधी ५, आणि सगळे एकाच कोपऱ्यात.
३. एखादी कमांड लटकते आणि अर्धा तास तशीच राहते.
४. कमांड सोडून सीनची डॉट टीएससीएन फाइल थेट एडिट करतो.
५. रेपो नव्या लॅपटॉपवर क्लोन केला की पहिलीच कमांड "क्लास सापडत नाही" म्हणून पडते.

डॉक्युमेंटेशनची रचना कशी असावी? एजंटसाठी वेगळं लिहायचं की माणसाचंच चालतं? लॅपटॉप ८ जीबी रॅमचे आहेत, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आणि लाइट केव्हाही जाते, हे धरून सांगावं.

(फाइलींची आणि फ्लॅगची नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन.)

---

वर्धाकाठ

तुमची पहिली चूक डॉक्युमेंटेशनची नाही, टूलची आहे. ती आधी काढा, नाहीतर तुम्ही रीडमीत "सेव्ह झालं का ते तपासा" असं लिहीत बसाल आणि नोड तरीही गायब होईल.

गोडोमध्ये स्क्रिप्टमधून सीन सेव्ह करताना पॅक्ड सीन फक्त तेच नोड लिहितो ज्यांचा ओनर (मालक नोड) त्या सीनचा रूट, म्हणजे सगळ्यात वरचा नोड, आहे. नुसतं ॲड चाइल्ड केलं की नोड मेमरीतल्या झाडात दिसतो, त्याचा मार्गही सापडतो, म्हणून टूल "झालं" म्हणतं. फाइलमध्ये तो जात नाही, कारण ओनर रिकामा आहे. क्रम असा ठेवा: आधी ॲड चाइल्ड, मग ओनर म्हणून सीनचा रूट द्या, मग पॅक, मग रिसोर्स सेव्हर. ओनर आधी दिला तर "ओनर हा झाडातला पूर्वज असायला हवा" या अर्थाची एरर येते.

यातच आणखी एक खोच आहे. सापळा हा वेगळा सीन असेल आणि तुम्ही त्याचा इन्स्टन्स जोडत असाल, तर ओनर फक्त इन्स्टन्सच्या वरच्या नोडला द्या. आतल्या सगळ्या नोडना फिरून ओनर दिला तर सापळ्याच्या आतला मालही शेताच्या सीनमध्ये लिहिला जातो, आणि नंतर मूळ सापळा बदलला की गोंधळ होतो. रिसोर्स सेव्हरमध्येही एक अडचण आहे. गोडो ३ मध्ये आधी मार्ग आणि मग रिसोर्स द्यावा लागे, ४ मध्ये तो क्रम उलटा झाला. एजंटच्या वाचनात दोन्ही काळातला कोड आलेला असतो, त्यामुळे तो जुना क्रम बिनदिक्कत लिहितो. सेव्ह जो परतावा कोड देतो तो तपासल्याशिवाय टूलनं "झालं" म्हणूच नये.

आता लिहिण्याबद्दल. माणूस रीडमी वाचताना एडिटर समोर उघडा ठेवतो आणि चुकलं तर डोळ्यांनी पाहतो. एजंटला स्क्रीन दिसत नाही. त्याला जे माहीत आहे ते एवढंच: तुम्ही लिहिलेला मजकूर आणि कमांडनं परत दिलेला मजकूर. म्हणून प्रत्येक कमांडचा एक स्वतंत्र खर्डा करा, आणि तो वाचून बाकीचं काही न वाचता ती कमांड बिनचूक चालवता आली पाहिजे. तुमच्या सापळ्याच्या कमांडचा खर्डा मी असा लिहीन:

> ॲड_ट्रॅप
> काम: दिलेल्या शेताच्या सीनमध्ये एक कामगंध सापळा बसवते आणि सीन सेव्ह करते.
> यासाठी वापरू नये: आधीचा सापळा सरकवायला. त्यासाठी मूव्ह_नोड.
> आधी लागतं: सीन डिस्कवर असावा, त्यात "सापळे" नावाचा नोड असावा. नसेल तर आधी मेक_फील्ड.
> सीन: रेस कोलन दोन तिरक्या रेषांनी सुरू होणारा मार्ग. डिस्कचा पूर्ण मार्ग चालत नाही.
> आयडी: १ ते ९९९ पूर्णांक. नोडचं नाव यावरून बनतं.
> एक्स, वाय: पिक्सेलमध्ये. मूळ बिंदू शेताचा वरचा डावा कोपरा. वाय खाली वाढतो. १६ पिक्सेल म्हणजे १ मीटर. १ हेक्टरच्या शेतात दोन्ही ० ते १६००.
> बदलतं: फक्त दिलेली सीन फाइल.
> परत देतं: नोडचा अंतिम मार्ग, सेव्हनंतर फाइल पुन्हा वाचून मोजलेली सापळ्यांची संख्या.
> त्याच आयडीनं पुन्हा चालवली तर: नवा सापळा लागत नाही, आहे तोच परत मिळतो.
> एरर: सीन नाही, "सापळे" नोड नाही, एक्स किंवा वाय शेताबाहेर.

यात सगळ्यात मोलाच्या ओळी कोणत्या म्हणाल तर एककाची आणि "यासाठी वापरू नये" ही. तुमचे सगळे सापळे एका कोपऱ्यात जातात त्याचं कारण बहुधा हेच: एजंट मीटरमध्ये आकडे देतो, टूल ते पिक्सेल समजतं. ६० मीटरवरचा सापळा ६० पिक्सेलवर, म्हणजे चार मीटरच्याही आत लागतो. प्रॉपर्टी बदलायची कमांड असेल तर तिथंही हेच. रोटेशन ही प्रॉपर्टी रेडियनमध्ये असते, अंशात हवं तर रोटेशन डिग्रीज वेगळी आहे. २डी मध्ये वाय खाली वाढतो, ३डी मध्ये वर. या गोष्टी "सर्वसाधारण माहिती" अशा प्रकरणात एकदा लिहून भागत नाही, ज्या खर्ड्यात आकडा आहे त्याच खर्ड्यात एकक हवं.

नावांचंही लिहा. एकाच पालकाखाली त्याच नावाचा दुसरा नोड जोडला की इंजिन आपणहून नाव बदलतं, आणि वाचनीय नाव मागितलं नसेल तर ॲट चिन्हांचं नाव मिळतं. पुढच्या कमांडला एजंट स्वतःच्या मनातलं नाव देतो आणि नोड सापडत नाही. म्हणून परताव्यात अंतिम मार्ग द्या आणि खर्ड्यात स्पष्ट सांगा की पुढं हाच मार्ग वापरायचा.

एररचा मजकूर हेही डॉक्युमेंटेशनच आहे. किंबहुना तेच सर्वात नेमक्या वेळी वाचलं जातं. "इनव्हॅलिड पोझिशन" एवढ्यानं काही कळत नाही. "एक्स २४०० शेताबाहेर आहे, या सीनमध्ये ० ते १६०० पिक्सेल चालतं, १६ पिक्सेल म्हणजे १ मीटर" असं लिहिलं की एजंट पुढच्या फेरीत स्वतः दुरुस्त करतो.

---

पऱ्हाटी

वर्धाकाठ भाऊनं कमांडचं सांगतलं, मी कमांडच्या बाहेरचं सांगतो. तुमची ३, ४ अन् ५ नंबरची चूक तिथंच हाये.

पाचवी आधी. गोडो आपली इम्पोर्टची कॅश डॉट गोडो नावाच्या फोल्डरात ठेवतं. ते फोल्डर गिटमध्ये टाकत नाहीत, अन् टाकूही नये. पण क्लास नेम लिहून केलेल्या क्लासची यादीही त्याच फोल्डरात असते. नव्या क्लोनमध्ये ते फोल्डर नसतं, मंग स्क्रिप्टला दुसऱ्या फाइलीतला क्लास कसा सापडन? म्हणून क्लोननंतरची पहिली पायरी ठरलेली: हेडलेस अन् इम्पोर्ट हे दोन फ्लॅग लावून एकदा गोडो चालवा. इम्पोर्ट फ्लॅग ४.३ पासून हाये. त्याच्या आधीच्या आवृत्तीत हेडलेस, एडिटर अन् क्विट असे तीन लावून तेच काम करत. हे डॉक्युमेंटेशनात "सेटअप" म्हणून लिहाच, पण त्याहून बरं म्हणजे टूलनंच पाह्यावं की फोल्डर हाये का, नसन तं स्वतः इम्पोर्ट करावं. एजंट सेटअपची पायरी विसरते, टूल विसरत नाही.

गिटमध्ये काय जाते तेही लिहा. चित्राबाजूची डॉट इम्पोर्ट फाइल जाते. ४.४ वर गेले तं स्क्रिप्टबाजूला डॉट यूआयडी फाइल येते, तीही जाते, अन् स्क्रिप्ट हलवली तं तिच्यासोबत हलवा लागते. एजंट या फाइली "कचरा" समजून उडवून टाकते, हे लई वेळा होते. एक ओळ पुरे: या फाइली काढू नये, काहून तं संदर्भ तुटतात.

आता लटकणं. जीडीस्क्रिप्टमध्ये चालताचालता एरर आली तं गोडो बंद पडत नाही. "स्क्रिप्ट एरर" म्हणून एक ओळ छापते, तेवढं फंक्शन सोडून देते, अन् मेन लूप चालूच राह्यतो. तुमचं क्विट त्याच फंक्शनच्या शेवटी असन तं तिथपर्यंत पोचलंच नाही. हेडलेसमध्ये खिडकी नसल्यानं कोणाला दिसतही नाही. डीबगचा छोटा डी फ्लॅग लावला असन तं आणखी वाईट, थे डीबगरच्या प्रॉम्प्टवर कोणी काही टाइप करन म्हणून वाट पाहत बसते. उपाय तीन, तिन्ही करा:

– पायथनच्या थरात टाइमआउट. साध्या कमांडला ६० सेकंद, इम्पोर्ट अन् एक्सपोर्टला १० मिनिटं. ८ जीबीच्या लॅपटॉपवर पहिलं इम्पोर्ट वेळ घेते, तिथं ६० ठेवले तं चांगलं चाललेलं काम मधातच मरन.
– क्विट आफ्टर फ्लॅग, म्हणजे अमुक इतक्या फेऱ्यांनंतर इंजिन आपणच थांबते.
– टाइमआउट झाला तं परताव्यात तसं साफ लिहा, अन् एरर स्ट्रीमच्या शेवटच्या २० ओळी द्या. नाही तं एजंट तीच कमांड पुन्हा पुन्हा मारत राह्यते.

एक्झिट कोडवर एकट्यावर भरवसा ठेवू नका. तुम्ही स्वतः क्विटमध्ये आकडा दिला तंच तो अर्थाचा. ० ते १२५ मधलाच द्या, त्याच्या वरचे सगळ्या सिस्टिमवर सारखे चालत नाहीत. यश कशावरून धरायचं हे डॉक्युमेंटेशनात एका जागी लिहा: कोड शून्य, निकालाची फाइल हाये, अन् एररमध्ये "स्क्रिप्ट एरर" नाही. तिन्ही जुळले तंच झालं.

निकालाची फाइल काहून म्हणतो? गोडो सुरू होतानाच आपल्या आवृत्तीची ओळ स्टँडर्ड आउटपुटवर छापते, अन् कोणाचा प्रिंट राहून गेला असन तं तोही तिथंच. त्यातून जेसन वेचत बसू नका. जीडीस्क्रिप्टनं निकाल वेगळ्या जेसन फाइलीत लिहावा, त्या फाइलीचा मार्ग कमांड लाइनवर दोन डॅशनंतर द्यावा. त्या दोन डॅशनंतरचे शब्द इंजिन स्वतः वाचत नाही, स्क्रिप्टले वेगळे मिळतात. टूल एमसीपीवर (एजंटले टूल जोडून द्यायचा प्रोटोकॉल) देणार असान तं हे आणखी महत्त्वाचं, तिथं स्टँडर्ड आउटपुटवर प्रोटोकॉलच्या संदेशाशिवाय एक अक्षरही चालत नाही, लॉग सगळा एरर स्ट्रीमवर.

चौथी, फाइल हातानं एडिट करणं. "करू नये" एवढं लिहून एजंट थांबत नाही, काहून तं टीएससीएन साधी टेक्स्ट फाइल हाये अन् त्याला ते सोपं दिसते. कारण लिहा अन् पर्याय लिहा. कारण असं: नोडचा क्रम पालक आधी, लेकरू मागून असा लागते. बाहेरच्या फाइलींचे आयडी अन् यूआयडी जुळावे लागतात, यूआयडी चुकला तं इंजिन इशारा देऊन मार्गावरून भागवते, मंग चूक महिनाभर लपून राह्यते. अन् पर्याय म्हणून जे एजंटला हातानं करा लागते त्याची कमांड बनवा. तो ज्या कामासाठी फाइल उघडते, ती कमांड तुमच्या १४ मध्ये नाही असं समजा.

एडिटर उघडा असताना टूल चालवू नये हेही लिहा. डिस्कवरची फाइल नवी झाली की एडिटर विचारते, अन् घाईत कोणी एडिटरमधली जुनी सेव्ह केली तं एजंटचं सगळं काम गेलं.

---

धुऱ्यावरचा कोडर

वर्धाकाठ, ओनरचंच निघालं. एक ओळ टाकली आणि नोड सेव्ह व्हायला लागले. पऱ्हाटी भाऊ, इम्पोर्टचं टूलमध्येच घातलं.

आता तीन गोष्टी विचारतो. एक, खर्डे मराठीत लिहायचे की इंग्रजीत? गटातल्या निम्म्या पोरांना इंग्रजी जड जातं. दोन, ४० पानांचं काय करायचं, ते फेकायचं का? तीन, एजंटला स्क्रीनशॉट देता येईल का, म्हणजे मांडणी त्यालाच तपासता येईल?

---

बोंड आणि बाइट

भाषेचं उत्तर एकच नाही, थरानुसार वेगळं आहे.

कमांडची आणि पॅरामीटरची नावं रोमनमध्येच ठेवा. गोडो ४ मध्ये जीडीस्क्रिप्टला देवनागरी व्हेरिएबल चालतं, नोडचं नावही देवनागरी चालतं, पण एजंटच्या बाजूच्या बहुतेक सेवा टूलच्या नावात रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि डॅश एवढंच घेतात. नोडच्या नावाला गोडोचे स्वतःचे नियम आहेत: टिंब, कोलन, तिरकी रेषा, ॲट, टक्का आणि अवतरण चिन्ह चालत नाही. "तास नं. ३" असं नाव दिलं की टिंबाच्या जागी अंडरस्कोर येतो आणि मार्ग जुळत नाही. हे खर्ड्यात लिहा.

वर्णन मराठीत चालतं, आजची मोठी मॉडेलं मराठी वाचतात. फक्त खर्च लक्षात घ्या. मॉडेल मजकूर तुकड्यातुकड्यांनी (टोकन) वाचतं, आणि बहुतेक टोकनायझर देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लावतात, म्हणजे एजंट एका वेळी जेवढं वाचू शकतो त्यात तोच मजकूर जास्त जागा खातो. १४ कमांडच्या एक-दोन ओळींच्या वर्णनाला काही फरक पडत नाही, ४० पानांना पडतो. मी असं करीन: स्कीमातलं (कमांड आणि पॅरामीटरच्या ठरीव यादीतलं) एका ओळीचं वर्णन इंग्रजीत, बाकी खर्डा मराठीत, म्हणजे पोरंही तोच वाचतील आणि दोन प्रती सांभाळाव्या लागणार नाहीत.

शेतीच्या शब्दांचा कोश मात्र हवाच, आणि तो मराठीतच. डवरणी म्हणजे उभ्या पिकात दोन तासांमधून डवरा फिरवणं, वखरणी म्हणजे पेरणीआधी वखरानं जमीन तयार करणं, धुरा म्हणजे शेताचा बांध. हे सांगितलं नाही तर एजंट "तास" म्हणजे साठ मिनिटं समजून टायमर बनवतो. प्रत्येक शब्दासमोर गेममधला त्याचा नोड किंवा सीन लिहा. १५-२० शब्द पुरे.

४० पानं फेकू नका, फोडा. रेपोच्या मुळाशी एजंट्स डॉट एमडी ठेवा, ८० ते १०० ओळींच्या आत. बरेच कोडिंग एजंट ती फाइल आपणहून वाचतात. त्यात एवढंच: गोडोची नेमकी आवृत्ती, कमांडची यादी आणि प्रत्येकीचं एका वाक्यात काम, यश कशावरून धरायचं, काय काढू नये, आणि खर्डे कुठं आहेत. प्रत्येक खर्डा वेगळ्या फाइलीत. तोच मजकूर कमांडला हेल्प लावला की छापला जावा. म्हणजे ज्या कमांडची गरज आहे तेवढाच खर्डा एजंट उघडतो. इंजिनचा इतिहास, गेमची कल्पना, आर्ट कसं बनवलं, हे माणसाच्या फाइलीत राहू द्या.

एमसीपीवर गेलात तर दोन गोष्टी जपा. टूल फसलं तर प्रोटोकॉलची एरर फेकू नका, निकालातच "एरर आहे" हा झेंडा लावून मजकूर द्या, नाहीतर मॉडेलपर्यंत कारण नीट पोचेलच असं नाही. आणि फक्त वाचणारी कमांड कोणती, मोडतोड करू शकणारी कोणती, याची खूण प्रत्येक टूलला लावता येते, ती लावा. तुमच्याकडे नोड काढणारी कमांड असेलच.

फाँटचं विचारलं नाही तरी सांगतो, कारण एजंट इथं हमखास फसवतो. गोडो ४ मराठी जोडाक्षरं नीट दाखवतं, पण प्रोजेक्टच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. लॅपटॉपवर आणि अँड्रॉइडवर इंजिन सिस्टिमचा फाँट उसना घेतं, म्हणून सगळं ठीक दिसतं. वेब एक्सपोर्टमध्ये सिस्टिमचा फाँट मिळत नाही आणि सगळे चौकोन येतात. लेबल बनवणाऱ्या कमांडच्या खर्ड्यात लिहा: थीममध्ये देवनागरी फाँट असल्याशिवाय लेबल बनवू नये. टूलनं तपासलं तर आणखी चांगलं.

---

ढेकूळ

कोडमध्ये मला गती नाही, पण वरच्या खर्ड्यात सापळ्यांचा आकडा कुठंच दिला नाही आणि तुमची दुसरी चूक तिथूनच येते. निरीक्षणासाठी शिफारस हेक्टरी ५ कामगंध सापळ्यांची आहे. १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर, म्हणून एकरी २. एजंट ५ हा आकडा बरोबरच आणतो, एकर-हेक्टरचा घोळ करतो. सामूहिक पतंग पकडण्यासाठी हेक्टरी २० सांगतात, तोही आकडा त्याच्या हाती लागू शकतो.

"नियमाप्रमाणे" हा शब्द हुकमातून काढून टाका आणि नियमच कोशात लिहा:
– उद्देश निरीक्षण: हेक्टरी ५, एकरी २.
– पीक साधारण ४५ दिवसांचं झाल्यावर लावायचे.
– उंची पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण एक फूट वर. पऱ्हाटी वाढली की सापळाही वर घ्यायचा, म्हणजे गेममध्ये ही उंची स्थिर नाही.
– धोक्याची पातळी: एका सापळ्यात दिवसाला ८ पतंग, सलग ३ दिवस.

शेवटचं नीट लिहा. "८ पतंग" एवढंच लिहिलं तर सगळ्या सापळ्यांची बेरीज ८ झाली की गेम फवारणी सुचवेल, आणि पोरं तेच शिकून जातील. सापळ्यागणिक, दिवसागणिक आणि सलग, हे तिन्ही शब्द हवेत.

---

वर्धाकाठ

ढेकूळ यांचं म्हणणं सोन्यासारखं आहे. त्याला जोडून: असे आकडे खर्ड्यात गद्यात ठेवू नका, एका डेटा फाइलीत ठेवा आणि टूल व डॉक्युमेंटेशन दोघांनी तिथूनच घ्यावेत. मग एकर किंवा हेक्टर हा पॅरामीटर कमांडला सक्तीचा करा. एकक नावातच घाला, म्हणजे "एरिया" नको, "एरिया_हेक्टर" हवं. नावात एकक असलं की गोंधळाला जागाच उरत नाही.

आता जे सगळे विसरतात ते: डॉक्युमेंटेशनची चाचणी. कोरा एजंट घ्या, आधीचं संभाषण नको. त्याला फक्त एजंट्स डॉट एमडी आणि खर्डे द्या, टूलचा सोर्स लपवा. १० कामं द्या. त्यातली सहा सरळ, दोन अशी की जी टूलला जमत नाहीत, आणि दोन मुद्दाम चुकीच्या माहितीची, उदाहरणार्थ शेताबाहेरचा एक्स. जमत नसलेल्या कामावर त्यानं "ही कमांड नाही" म्हणायला हवं. तो जर फाइल हातानं एडिट करायला लागला तर खर्डा अपुरा आहे. प्रत्येक काम तीनदा करून घ्या, कारण एकदा जमलं म्हणजे दरवेळी जमेल असं नाही. जिथं अडखळला तिथं एजंटला शिकवू नका, आधी एररचा मजकूर सुधारा, मग खर्डा, आणि तरी नाही जमलं तर कमांडची रचनाच बदला.

खर्ड्यातली उदाहरणं स्क्रिप्टनं चालवून बघा, दर कमिटला. पॅरामीटरची यादी हातानं लिहू नका, स्कीमातून काढा. नाव बदललं आणि उदाहरण तसंच राहिलं की माणूस समजून घेतो, एजंट ते उदाहरण अक्षरशः चालवतो.

आवृत्ती ठोक लिहा: "४.३, दुसरी चालणार नाही". एक्सपोर्ट टेम्प्लेट एडिटरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते आणि ती फाइल एक जीबीच्या आसपास आहे. हॉटस्पॉटवर ती प्रत्येक लॅपटॉपला उतरवण्यापेक्षा एका पेनड्राइव्हवर एडिटर आणि टेम्प्लेट ठेवा, आणि एजंटला लिहून द्या की टेम्प्लेट नसेल तर डाउनलोड सुरू न करता थांबून कळवावं.

---

पऱ्हाटी

स्क्रीनशॉटचं राहून गेलं. हेडलेसमध्ये चित्रच बनत नाही, तिथं नकली रेंडरर असते, म्हणून व्ह्यूपोर्टचं चित्र मागितलं तं हाती काही लागत नाही. एजंट त्यावर तासभर घालवन, म्हणून खर्ड्यात पहिली ओळ तीच लिहा. चित्र पाह्यजेच असन तं लिनक्सवर एक्सव्हीएफबी हा नकली डिस्प्ले सुरू करा अन् गोडो हेडलेसशिवाय, ओपनजीएलच्या कंपॅटिबिलिटी रेंडररवर चालवा. ग्राफिक्स कार्ड नसन तरी चालते, फक्त हळू. चित्र घ्यायच्या आधी फ्रेम काढून झाल्याचा सिग्नल येऊ द्या, नाही तं काळं चित्र मिळते. ६४० बाय ३६० पुरे, मोठं चित्र एजंटले महाग पडते.

पण सापळे कुठं लागले हे पाह्याले चित्र कशाले? नोडची यादी अन् त्याचे एक्स-वाय जेसनमध्ये द्या, दोन सापळ्यांतलं अंतर मीटरमध्ये काढून द्या. आकड्यावरून एजंट जास्त बरोबर तपासते. चित्र लेबल एकमेकांवर चढले का, अक्षरं कापले का, एवढ्यासाठीच ठेवा.

लाइटचं: सीन थेट मूळ फाइलीवर सेव्ह करू नका. बाजूला त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावानं लिहा, एक्स्टेन्शन टीएससीएनच ठेवा काहून तं सेव्हर त्यावरूनच फॉरमॅट ओळखते, पुन्हा वाचून पाहा, मंग नाव बदला. मधात लाइट गेली तं जुनी फाइल तरी शाबूत राह्यते. अन् दर बदलणाऱ्या कमांडच्या आधी टूलनं गिट कमिट करावं, त्या कमिटचा नंबर परताव्यात द्यावा. खर्ड्यात "मागे कसं फिरावं" या ओळीत तोच नंबर वापरायले सांगा. अर्धवट काम सापडलं तं एजंटनं जोडतोड न करता त्या कमिटवर परत जावं अन् कमांड पुन्हा चालवावी. ॲड_ट्रॅप तशीही त्याच आयडीनं दुसरा सापळा लावत नाही, म्हणून ५ पैकी ३ झाल्यावर लाइट गेली असन तरी १ पासून पुन्हा सुरू केलं तं चालते.